शेल स्क्रिप्टमध्ये दोन फायलींच्या वेळा कशा ताडून बघायच्या

मामाच्या गावच्या दूध संस्थेतलं कॉम्प्युटरचं काम मी बघते. रोज सकाळ-संध्याकाळचं दूध "नोंद" नावाच्या एका फाईलमध्ये येतं, सभासद नंबर, गाय की म्हैस, किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, आणि त्यावरून दहा दिवसांचं "बिल" तयार होतं. बिल करायला वेळ लागतो म्हणून स्क्रिप्टला (म्हणजे फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या कमांड, शेल नावाचा प्रोग्राम त्या चालवतो) सांगितलेलं होतं की नोंद बदलली असेल तरच बिल परत कर, नाहीतर सोड. म्हणजे दोन फायलींची शेवटची बदललेली वेळ बघायची आणि ठरवायचं, एवढंच. हे एवढंच करताना किती ठिकाणी पाय घसरतो ते मला दोन वर्षांत कळलंय, तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण नेटवर बहुतेक ठिकाणी एक ओळ देऊन विषय संपवलेला असतो आणि त्या एका ओळीवर लोकांच्या पैशाचे हिशोब चालतात.

आधी एक सांगते, कमांड मी खाली देवनागरीत लिहिल्यात, आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा. टाईप करताना इंग्रजी अक्षरं, सगळी लहान, मोठं अक्षर असेल तिथे मी वेगळं सांगेन, आणि कमांडमधले आकडेही इंग्रजीच. फायलींची नावं मात्र खरंच मराठीत ठेवा हवं तर, लिनक्सला काही अडचण नाही, आमच्याकडे नोंद, बिल, खूण अशीच आहेत.

सुरुवात सगळ्यात सोप्यापासून:

इफ [ "नोंद" -एनटी "बिल" ]; देन
  ./हिशोब > बिल
एफआय

हिशोब हा बिल बनवणारा आमचा प्रोग्राम. एनटी म्हणजे न्यूअर दॅन, नोंद ही बिलापेक्षा नवी आहे का. उलटं हवं असेल तर -ओटी, ओल्डर दॅन. चौकोनी कंसाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे स्पेस लागतेच, कारण तो उघडणारा कंस ही खरंतर एक कमांड आहे आणि पुढचं सगळं त्या कमांडला दिलेलं असतं, स्पेस नाही दिली तर शेल "असली कमांडच नाही" म्हणून ओरडतो. आणि नावाला डबल कोट घालायची सवय लावून घ्या, आज नाव "नोंद" आहे, उद्या कोणीतरी "नोंद मार्च" करतं आणि मधल्या स्पेसमुळे स्क्रिप्ट झोपते.

आता ही वेळ म्हणजे नक्की कुठली? लिनक्स प्रत्येक फाईलच्या निदान तीन वेळा ठेवतो. एमटाईम म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला, एटाईम म्हणजे कधी वाचली, आणि सीटाईम. या सीटाईमला पुष्कळ जण क्रिएशनची वेळ समजतात पण ती तशी नाही, परमिशन बदलली, मालक बदलला, नाव बदललं तरी ती हलते. -एनटी आणि -ओटी फक्त एमटाईम बघतात, आपल्याला तीच हवी असते. एटाईमच्या भरवशावर तर काहीच बांधू नका, २००९ पासून म्हणजे २.६.३० कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्स ती प्रत्येक वाचनाला लिहीतच नाही, डिस्कचं काम वाचवायला.

फोल्डरची वेळ बघणाऱ्यांसाठी पण एक, फोल्डरचा एमटाईम आत नवी फाईल आली, गेली किंवा नाव बदललं तरच हलतो. आतल्या फाईलमध्ये चार ओळी वाढल्या तर फोल्डरला पत्ताही लागत नाही.

बरं, आता घसरायच्या जागा. पहिली म्हणजे बिल अजून झालेलंच नाही, फाईलच नाही, अशा वेळी -एनटी काय म्हणतो? बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये, उत्तर "हो" येतं, नोंद आहे आणि बिल नाही म्हणजे नोंद नवी, झकास, आपल्याला तेच हवंय. पण डॅश नावाच्या शेलमध्ये दोन्ही फायली असाव्याच लागतात, एक नसली की उत्तर "नाही". झेडशेलमध्येही तसंच. आणि उबुंटू, डेबियनवर नुसतं एसएच म्हटलं की डॅश चालतो, बॅश नाही. म्हणून असं होतं की स्क्रिप्ट हाताने चालवली तर बिल निघतं आणि तीच एसएच लावून कोणी चालवली किंवा क्रॉनच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत थेट अट लिहिली की बिल निघत नाही आणि एररही येत नाही. वर्षानुवर्षं हे ऑपरेटर पॉझिक्समध्ये, म्हणजे शेलच्या सामाईक नियमांमध्ये, नव्हतेच, २०२४ च्या आवृत्तीत घेतले, त्यामुळे प्रत्येक शेलने आपापल्या परीने केलेलं आहे. यावर उपाय म्हणजे पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश असं स्पष्ट लिहा, स्क्रिप्टला एक्झिक्यूट परमिशन देऊन थेट तिच्या नावाने चालवा, आणि तरीही फाईल नसण्याची अट वेगळी लिहा:

इफ [ ! -ई "बिल" ] || [ "नोंद" -एनटी "बिल" ]; देन

-ई म्हणजे फाईल आहे का, त्याच्या आधी उद्गारचिन्ह म्हणजे नाहीये का, आणि || म्हणजे किंवा. चार अक्षरं जास्त, पण कुठल्याही शेलमध्ये एकच उत्तर.

दुसरी जागा, दोन्हींची वेळ अगदी सारखी असेल तर. तेव्हा नोंद नवीही नाही आणि जुनीही नाही, दोन्ही अटींचं उत्तर "नाही". तुम्ही म्हणाल हे कधी होणार, तर रोज होतं. ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) वर वेळ नॅनोसेकंदात लिहायची सोय आहे पण कर्नलचं घड्याळ बहुतेक मशीनवर काही मिलिसेकंदांच्या टप्प्याने पुढे सरकतं, त्यामुळे लागोपाठ लिहिलेल्या दोन फायलींना एकच वेळ मिळू शकते. जुन्या ईएक्सटी३ वर तर एक सेकंदाचाच टप्पा, आणि पेन ड्राईव्हवरच्या फॅट३२ मध्ये दोन सेकंदांचा. तर वेळ सारखी असताना काय व्हायला हवं हे तुम्ही ठरवायचं. काम परत झालेलं चालेल पण राहून गेलेलं चालणार नाही, असं असेल तर प्रश्न उलटा विचारा:

इफ [ ! "बिल" -एनटी "नोंद" ]; देन

बिल हे नोंदीपेक्षा नवं "नसेल" तर काम कर. बरोबरी झाली तरी काम होतं, बिल नसलं तरी होतं. फक्त नोंदच गायब असेल तर डॅश इथेही काम करायला धावतो, म्हणून सुरुवातीलाच -एस लावून बघा, -एस म्हणजे फाईल आहे आणि रिकामी नाही.

पेन ड्राईव्हचं निघालंच आहे तर ते पूर्ण करते. आमच्याकडे रोज रात्री नोंद पेन ड्राईव्हवर जायची, सीपी -पी ने म्हणजे वेळ जशीच्या तशी ठेवून, आणि अट अशी की डिस्कवरची पेन ड्राईव्हपेक्षा नवी असेल तरच कॉपी कर. ती रोज कॉपी व्हायची, दूध बंद असलेल्या दिवशीसुद्धा. कारण डिस्कवर वेळ १३.९ सेकंद, पेन ड्राईव्हला दोनचाच टप्पा कळतो म्हणून तिथे १२ लिहिलं जातं, आणि मग डिस्कवरची कायमच "नवी" राहते, कितीही वेळा कॉपी करा. अशा ठिकाणी -एनटी सोडा आणि आकडे काढून फरक बघा:

ए=$(स्टॅट -सी %वाय "नोंद")
बी=$(स्टॅट -सी %वाय "/मीडिया/पेन/नोंद")
इफ [ $((ए - बी)) -जीटी २ ]; देन

-जीटी म्हणजे "पेक्षा जास्त", आणि यातला वाय मोठा. मोठा वाय म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, लहान वाय दिला तर माणसाला वाचता येईल अशी तारीख येते जी गणिताला काही उपयोगाची नाही. मॅकवर हीच गोष्ट स्टॅट -एफ %एम, एम लहान, कारण तिथला स्टॅट वेगळ्या घराण्यातला आहे. फायली कॉपी करायला आरसिंक वापरत असाल तर त्याला --मॉडिफाय-विंडो=१ द्या, हे याच फॅटच्या भानगडीसाठी आहे. आणि फॅट वेळ लिहिताना टाईमझोन लिहीत नाही, भिंतीवरच्या घड्याळात जे वाजलंय तेच, त्यामुळे दुसऱ्या मशीनला लावल्यावर बरोब्बर साडेपाच तासांचा फरक दिसला तर फाईल बदलली असं समजू नका, एक मशीन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून बसलंय.

स्टॅटच्या त्या आकड्यांची तुलना करताना एक चूक मी इतक्या जणांच्या स्क्रिप्टमध्ये बघितलीय की ठळक सांगते. शाळेतलं गणित आठवून लोक [ $ए > $बी ] असं लिहितात. एका कंसात > म्हणजे "मोठा" नाहीच, ते आउटपुट फाईलमध्ये टाकायचं चिन्ह आहे! शेल शांतपणे १७०००००००० अशा काहीतरी आकड्याच्या नावाची रिकामी फाईल बनवतो आणि अट नेहमी खरी धरतो. फोल्डरमध्ये दहा आकडी नावाच्या रिकाम्या फायली दिसल्या की ओळखा कुठेतरी हेच झालंय. आकड्यांसाठी -जीटी (जास्त), -एलटी (कमी), -ईक्यू (सारखा).

आणि एलएस -एल चं आउटपुट कापून तारीख काढायची तर अजिबात नाही. फाईल सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की एलएस वेळेच्या जागी वर्ष दाखवायला लागतो, भाषा बदलली की महिन्याचं नाव बदलतं, म्हणजे जानेवारीत लिहिलेली चालू स्क्रिप्ट पावसाळ्यानंतर आपोआप मोडते आणि तोपर्यंत ती कशी लिहिली होती हे कोणाला आठवत नाही.

सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाईलकडे नुसतं बोट दाखवणारी फाईल) असेल तर -एनटी लिंकच्या पलीकडची खरी फाईल बघतो पण स्टॅट लिंकचीच वेळ सांगतो. दोन्ही मिसळून वापरत असाल तर स्टॅटला -एल द्या, मोठा एल.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले ते.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी संस्थेतल्या पोराच्या हातून संध्याकाळची सगळी एन्ट्री दोनदा पडली. त्याने शहाणपणा केला, गडबड न करता बॅकअपच्या फोल्डरमधून दुपारची नोंद परत आणली आणि संध्याकाळची एन्ट्री वहीत ठेवली, सकाळी घालतो म्हणून. त्याचं काहीच चुकलं नाही. पण मधल्या वेळात स्क्रिप्टने डबल एन्ट्रीवरून बिल बनवून ठेवलेलं, आठ वाजता. परत आणलेली नोंद सीपी -पी ने आलेली, म्हणून तिची वेळ दुपारी दोनची. स्क्रिप्टने बघितलं, नोंद दोनची, बिल आठचं, बिल नवं, काही करायचं नाही. तो दहा दिवसांच्या बिलाचा शेवटचा दिवस होता आणि तेच बिल छापलं गेलं. एका मावशींनी येऊन सांगितलं म्हणून कळलं, म्हणाल्या माझी म्हैस संध्याकाळी साडेसहा लिटर देते, इथे दोनदा साडेसहा लिहिलंय, एवढं दूध मी घातलेलं नाही, जास्तीचे पैसे मला नकोत. सगळी बिलं परत काढली, परत वाटली.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. "नोंद बिलापेक्षा नवी आहे का" हे आपल्याला जाणून घ्यायचंच नसतं, आपल्याला हवं असतं "बिल ज्या नोंदीवरून केलं तीच नोंद अजून आहे का". नवी आली तरी बदललीच, जुनी परत आली तरी बदललीच. बॅकअपमधून, टारमधून (फायलींच्या गाठोड्यातून), दुसऱ्या फोल्डरमधून एमव्ही करून म्हणजे हलवून आणलेली फाईल आपली जुनी वेळ घेऊनच येते. उलट गिट (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वेळा साठवतच नाही, क्लोन केलं म्हणजे सगळं नव्याने उतरवून घेतलं की सगळ्या फायलींना आत्ताची वेळ, तिथे नवी-जुनी याला अर्थच उरत नाही.

अजून एक भोक आहे या नव्या-जुन्याच्या पद्धतीत. बिल बनायला समजा चाळीस सेकंद लागतात, स्क्रिप्टने नोंद वाचून घेतली आणि विसाव्या सेकंदाला कोणीतरी एक एन्ट्री घातली. बिल चाळिसाव्या सेकंदाला लिहून झालं, म्हणजे ते नोंदीपेक्षा नवं, पण त्यात ती एन्ट्री नाही. आणि नवं असल्यामुळे परत होणारही नाही, पुढची एन्ट्री पडेपर्यंत.

म्हणून मी आता एक तिसरी फाईल ठेवते, खूण. तिच्यात काही लिहायचं नसतं, फक्त नोंदीची वेळ तिला चिकटवायची, टच -आर ने. पूर्ण स्क्रिप्ट अशी:

इफ [ ! -एस "नोंद" ]; देन
  इको "नोंद नाही किंवा रिकामी आहे"
  एक्झिट १
एफआय

इफ [ ! -ई "बिल" ] || [ ! -ई "खूण" ] ||
   [ "नोंद" -एनटी "खूण" ] || [ "नोंद" -ओटी "खूण" ]; देन
  टच -आर "नोंद" "खूण.नवी" &&
  ./हिशोब > "बिल.नवं" &&
  एमव्ही "बिल.नवं" "बिल" &&
  एमव्ही "खूण.नवी" "खूण"
एफआय

ओळीने सांगते. && म्हणजे आधीची कमांड नीट झाली तरच पुढची. खुणेपेक्षा नोंद नवी असो की जुनी, दोन्हीत काम करायचं, म्हणजेच वेळ तंतोतंत जुळली तरच सोडायचं. टच -आर हिशोब सुरू करायच्या आधी आहे, नंतर नाही, हे फार महत्त्वाचं, कारण हिशोब चालू असताना नोंद बदलली तर तिची वेळ खुणेशी जुळणार नाही आणि पुढच्या वेळी बिल आपोआप परत होईल. बिल थेट न लिहिता बिल.नवं मध्ये लिहून मग एमव्ही केलंय, कारण मध्येच लाईट गेली किंवा हिशोब अर्ध्यात बंद पडला तर अर्धवट बिल हे पण "नवं"च असतं आणि ते कायमचं तसंच बसून राहतं, आमच्याकडे लाईट जाणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. सगळ्यात शेवटी खूण जागेवर जाते, त्याच्या आधी काहीही बिघडलं तर खूण जुनीच राहते आणि काम परत होतं. एकदा जास्त होईल, कमी नाही होणार. नोंद आणि खूण एकाच डिस्कवर ठेवा, नाहीतर मघाचा फॅटचा टप्पा परत आडवा येतो.

फाईल एक नसून फोल्डरभर असतील, म्हणजे आमच्या शेजारच्या संस्थेत प्रत्येक दिवसाची वेगळी फाईल असते, तर फाईंड वापरा:

टच "निशाणी.नवी"
फाईंड नोंदी -टाईप एफ -न्यूअर "निशाणी" -एक्झेक ./जमा {} \;
एमव्ही "निशाणी.नवी" "निशाणी"

नुसता टच फाईलला आत्ताची वेळ देतो, फाईल नसेल तर रिकामी बनवतो. इथेही तेच तत्त्व, नवी निशाणी काम सुरू व्हायच्या आधी बनवायची. पुष्कळ जण शेवटी टच करतात आणि फाईंड चालू असताना आलेल्या फायली कायमच्या सुटतात. -न्यूअर बरोबरी धरत नाही म्हणून मी निशाणी दोन सेकंद मागे ढकलते, टच -डी "२ सेकंड्स अगो" असं, त्याने एखादी फाईल दोनदा येईल पण सुटणार नाही, तेव्हा जमा ही स्क्रिप्ट तीच फाईल दोनदा आली तरी चालेल अशी लिहा. पहिल्यांदा निशाणी नसते तेव्हा फाईंड एरर देतो, त्याआधी एकदा टच -टी १९७००१०२०००० निशाणी करून टाका, मग सगळ्याच फायली नव्या ठरतात. आणि हो, जुनी फाईल परत आणल्याचं या पद्धतीला कळत नाही, ते कळायला हवं असेल तर प्रत्येक फाईलची वेगळी खूण, किंवा सरळ एसएचए२५६सम (मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, म्हणजे चेकसम) काढून ठेवा, मजकुरावरूनच कळेल. फायली लहान असतील तर मी तेच करेन, काही हजार ओळींच्या फाईलचं चेकसम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. वेळ बघायचा फायदा मोठ्या फायलींना.

जुन्या फायली उडवायला फाईंडचं -एमटाईम वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, +७ म्हणजे सात दिवसांपेक्षा जुन्या असं वाटतं पण तो पूर्ण दिवस मोजतो आणि उरलेले तास सोडून देतो, त्यामुळे आठ दिवस पूर्ण झाल्याशिवाय फाईल सापडत नाही. नेमकं हवं असेल तर -एममिन मध्ये मिनिटं द्या.

चालू करण्याआधी एकदा तपासून घ्या, खऱ्या डेटावर नाही, कॉपीवर. स्क्रिप्ट चालवा, बिल निघालं पाहिजे. लगेच परत चालवा, काहीच व्हायला नको. मग टच नोंद करून चालवा, बिल परत निघालं पाहिजे. मग टच -डी "यस्टरडे" नोंद, म्हणजे वेळ कालची करून, चालवा, तरीही निघालं पाहिजे, जुनी पद्धत नेमकी इथेच गप्प बसायची. बिल उडवून चालवा. हिशोब चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमधून टच नोंद करा आणि त्यानंतर आणखी एकदा चालवा. यातलं कुठलंही वेगळं वागलं तर स्टॅट नोंद खूण असं एकत्र लिहा आणि दोन्हींची मॉडिफाय ही ओळ एकाखाली एक ठेवून बघा, पॉईंटच्या पुढचे नऊच्या नऊ आकडे जुळतायत का, फरक जिथे सुरू होतो तिथून कळतं की गडबड घड्याळाची आहे, डिस्कची आहे की आपल्या अटीची.